विश्लेषण : कापसाच्या भावावर मुंबई हलवणारे प्रेमचंद रायचंद कोसळले कसे? भावाच्या जोखमीचा धडा काय?

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद १८६४ मध्ये मुंबईतील सर्वात वजनदार कापूस आणि शेअर दलाल होते. दोनच वर्षांत त्यांची पेढी बुडाली. सोबत बँका बुडाल्या, शेकडो घरे उद्ध्वस्त झाली आणि पडलेल्या भावाची झळ गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. आज वस्तूबाजारात ‘जोखीम व्यवस्थापन’ हा स्वतंत्र पेशा आहे. मोठ्या व्यापारी कंपन्या, बँका आणि वायदेबाजार यासाठी खास माणसे नेमतात. ही माणसे रोज जे प्रश्न विचारतात, ते प्रेमचंद यांच्या वहीबाबत वेळीच कोणी विचारले नाहीत. भात, नाचणी, वरई आणि मोगऱ्याच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या जव्हार-मोखाड्यातील शेतकऱ्यांसाठीही ही दीडशे वर्षांपूर्वीची कहाणी परकी नाही.

प्रेमचंद रायचंद कोण होते?

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेतील जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद लाकडाचे व्यापारी होते. सुरतेचा व्यापार ओसरत होता आणि मुंबई वाढत होती. हे कुटुंबही मुंबईत आले. प्रेमचंद इथेच शिकले. त्या काळातील देशी दलालांमध्ये इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे फारच थोडे होते. प्रेमचंद त्यांपैकी अगदी सुरुवातीचे. विशीत पोहोचण्याच्या सुमारास ते एका नामांकित दलालाकडे मदतनीस म्हणून लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे बस्तान बसवले.

तेव्हाचा दलाल म्हणजे दोन बाजूंमधला विश्वासाचा माणूस. युरोपीय निर्यात पेढ्यांना कापूस, अफू, चांदी यांचे सौदे करून देणे, हुंडी वटवून देणे, कोणाची पत किती हे सांगणे, अशी कामे तो करी. इंग्रजीमुळे प्रेमचंद यांना युरोपीय व्यवस्थापकांशी थेट बोलता येत असे, तर गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर त्यांना घरच्यासारखा प्रवेश होता. एका बाजूची गरज आणि दुसऱ्या बाजूकडचा माल यांची गाठ ते इतरांच्या आधी घालत. साधी राहणी आणि शब्दाला पक्के, अशी त्यांची ख्याती होती. भायखळ्याचा ‘प्रेमोद्यान’ हा त्यांचा बंगला लवकरच शहरातील धनिकांच्या राबत्याचे ठिकाण बनला.

अमेरिकेतील युद्धाने मुंबई श्रीमंत कशी झाली?

१८६० च्या सुमारास ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. भारतीय कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा जास्त असलेला म्हणून दुय्यम मानला जाई. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली.

पुढच्या तीन वर्षांत भारतीय कापसाचा भाव चार-पाच पट झाला. मुंबईत कापूस खंडीवर विकला जाई. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची. कापूस व्यापारात आजही भाव याच खंडीवर सांगितले जातात. युद्धाच्या पाच वर्षांत नेहमीच्या कमाईखेरीज सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मुंबईत आल्याचा अंदाज जुन्या सरकारी नोंदींत आहे. एवढा पैसा या शहराने त्याआधी पाहिला नव्हता.

कापूस येई तो गुजरात, खान्देश, वऱ्हाड आणि वर्ध्याकडून. हिंगणघाटचा कापूस तर नावाने ओळखला जाई. खान्देशचा कापूस नाशिकमार्गे थळ घाट उतरून कोकणात येत असे. मोखाड्याची माणसे मुंबईची लोकल जिथे पकडतात, त्या कसाऱ्याचा हा घाट. आधी बैलगाड्या आणि तांडे या वाटेने जात. घाटातील रेल्वे १८६५ च्या सुरुवातीला खुली झाली. म्हणजे कापूस वेगाने बंदरात आणणारा लोहमार्ग तयार झाला, तेव्हा तेजी संपायला अवघे काही महिने उरले होते.

प्रेमचंद यांचे वेगळेपण कशात होते?

त्या वेळी मुंबई आणि लंडन यांना जोडणारी समुद्राखालची तार नव्हती. लिव्हरपूलचा भाव टपालाच्या आगबोटीने सुएझमार्गे मुंबईत पोहोचायला महिनाभर लागत असे. ज्याला तो भाव आधी कळे, तो इतरांच्या आधी खरेदी-विक्री करू शके. बंदराबाहेर आलेल्या आगबोटीला गाठून बातमी आणण्यासाठी प्रेमचंद लहान वेगवान होड्या पाठवत, असे सांगितले जाते. बोट धक्क्याला लागून टपालाच्या पिशव्या फुटेपर्यंत त्यांचे सौदे झालेले असत.

देशाच्या आतील भागातही त्यांची माणसे होती. कुठे पाऊस कसा आहे, कुठे किती गासड्या बांधल्या जात आहेत, कोणत्या पेढीला माल तातडीने हवा आहे, ही माहिती त्यांच्यापर्यंत येत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही माहितीची आघाडी. व्यापारात तिला मोठे मोल आहे. पण भाव आधी कळणे आणि भाव उलटा फिरल्यावर तग धरणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. पहिली प्रेमचंद यांच्याकडे भरपूर होती. दुसरीची परीक्षा तेजीच्या काळात झालीच नाही.

कापसाचा पैसा शेअरमध्ये कसा गेला?

हाती आलेला पैसा गुंतवायला शहरात पुरेशी ठिकाणे नव्हती. मग कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमी कंपन्या, कापूस दाबणाऱ्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांपैकी अनेकांकडे सांगण्यासारखा धंदाच नव्हता. शेअर निघाला की त्याचा भाव वाढे आणि तो वाढतो म्हणून आणखी लोक तो घेत.

सर्वाधिक गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्रात भर घालून जमीन काढायची आणि ती विकायची, अशी तिची योजना. ५ हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांवर गेला. प्रेमचंद या कंपनीच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक होते. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती द्यायचे, यात त्यांचा शब्द चाले. त्यामुळे शेअर मिळवण्यासाठी व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी असे सारेच त्यांच्याभोवती गोळा होत.

या खेळाला दोन गोष्टींनी इंधन पुरवले. पहिली, मुदतीचे सौदे. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर यांची देवघेव काही महिन्यांनी करायची. सौदा करताना खिशातून फारसे काही द्यावे लागत नसे. भावावरच्या पैजा मुंबईला नव्या नव्हत्या. कोलकात्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर मुंबईचे व्यापारी पूर्वीपासून सौदे लावत. असे पैजेचे करार न्यायालयातून वसूल होणार नाहीत, असा कायदा १८४८ मध्ये झालाही होता. तरी सौदे थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट बँकांचे कर्ज. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली सावध बँक मानली जाई. १८६३ च्या नव्या कायद्याने तिला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंद यांचा बँकेच्या संचालकांवर आणि सचिवांवर मोठा प्रभाव होता. बँक त्यांना कर्ज देई, त्यांनी शिफारस केलेल्यांनाही देई. घेतलेल्या कर्जातून शेअर घ्यायचे, वाढलेल्या भावाने तेच शेअर तारण ठेवायचे आणि पुन्हा कर्ज घ्यायचे, असे चक्र सुरू झाले. बँकेचे तारण आणि कर्जदाराचे नशीब दोन्ही एकाच दोरीला बांधले गेले.

१ जुलै १८६५ ला काय झाले?

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचा भाव घसरू लागला. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे उघड होते. ज्यांनी चढ्या भावाने माल भरून ठेवला होता, त्यांच्या गोदामातील गासड्यांची किंमत आठवड्या-आठवड्याला उतरत गेली.

मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा या बड्या व्यापाऱ्याची पेढी तीन कोटींहून अधिक देणे ठेवून बुडाली. बाजाराला खरा धक्का बसला तो इथे. कारण प्रत्येकाचे येणे दुसऱ्या कोणाच्या तरी देण्यावर अवलंबून होते. एक पेढी बुडाली की तिच्याकडून येणाऱ्या पैशांवर भिस्त ठेवणाऱ्या दहा पेढ्या अडचणीत येत.

शेअरच्या मुदतीच्या सौद्यांची मोठी पूर्तता १ जुलै १८६५ या दिवशी होती. तो शनिवार होता. ठरल्या भावाने पैसे देणारे फारच थोडे निघाले. शेअर घ्यायला कोणी नाही आणि दिलेला शब्द पाळायला कोणाकडे पैसा नाही, अशी स्थिती झाली. बॅक बेचा ५० हजारांवर गेलेला शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेच्या २,८५० रुपयांपर्यंत पोहोचलेल्या शेअरला ८७ रुपये मिळाल्याची नोंद आहे.

एवढ्या दिवाळखोरीची प्रकरणे नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने मिटणे शक्य नव्हते. त्यासाठी सरकारला १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला. प्रेमचंद काही काळ तगले. पण मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मोठी वित्तपेढी बुडाली आणि पैशाची टंचाई मुंबईपर्यंत आली. त्याच वर्षी प्रेमचंद यांची पेढीही बुडाली. त्यांच्याशी घट्ट जोडलेली एशियाटिक बँकही गेली. बँक ऑफ बॉम्बेच्या भांडवलाचा बहुतेक भाग संपला. ती गुंडाळून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली आणि जुन्या बँकेच्या पतनाची चौकशी आयोगामार्फत झाली.

आजच्या जोखीम व्यवस्थापकाने त्यांच्या वहीत काय पाहिले असते?

वस्तूंचा व्यापार करणाऱ्या कंपनीत आज कामाचे तीन भाग असतात. सौदे करणारे एका बाजूला, सौद्यांची नोंद आणि देवघेव पाहणारे दुसऱ्या बाजूला आणि मधे जोखीम मोजणारे. जोखीम मोजणारा अधिकारी सौदे करणाऱ्याच्या हाताखाली नसावा, हा या पेशाचा पहिला नियम आहे. त्याने प्रेमचंद यांच्या वहीत पुढील गोष्टी शोधल्या असत्या.

सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत का? कापूस, भूमी कंपनीचे शेअर, बँकांचे शेअर अशी तीन खाती वहीत वेगळी दिसत होती. प्रत्यक्षात तिन्हींची किंमत अमेरिकेतील युद्ध चालू राहण्यावर टिकून होती. युद्ध थांबताच तिन्ही एकदम पडली.

नफा-तोटा रोज मोजला जातो का? आज वायदेबाजारात प्रत्येक सौद्याचे मूल्य रोजच्या बंद भावाने काढतात आणि तोटा त्याच दिवशी वसूल होतो. १८६५ मध्ये पूर्ततेच्या तारखेपर्यंत तोटा कागदावरही दिसत नसे. दिसला तेव्हा तो भरण्यापलीकडे गेलेला होता.

अनामत आहे का? आज सौदा करणाऱ्याला आधी मार्जिन भरावे लागते. भाव विरुद्ध गेला तर आणखी भरावे लागते, नाही भरले तर सौदा बंद केला जातो. योगायोग असा, की १८६५ मध्येच अमेरिकेतील शिकागोच्या धान्यबाजाराने ठरावीक मापाचे वायदे आणि त्यासाठी अनामतीचा नियम आणला. मुंबईत तेव्हा माणसाचे नाव हीच अनामत होती.

समोरचा बुडाला तर? ज्याच्याकडून पैसे येणे आहेत तो किती मोठा आणि त्याच्यावर आपली किती रक्कम अडकली आहे, याची मर्यादा आज नावानिशी ठरवतात. कामा यांची पेढी बुडाली तेव्हा अशी मर्यादा कोणाकडेच नव्हती.

एकच माणूस किती खुर्च्यांवर बसला आहे? प्रेमचंद दलाल होते, कंपनीचे प्रवर्तक होते, बँकेचे कर्जदार होते आणि त्या बँकेला सल्ला देणारेही होते. त्यांना नाही म्हणणारा कोणी उरला नव्हता.

युद्ध उद्याच थांबले तर? आज याला ताणचाचणी म्हणतात. सर्वात वाईट बातमी आली असे धरून आजच्या वहीचा हिशेब करायचा. १८६४ च्या मुंबईत युद्ध कधीतरी थांबणार हे सर्वांना माहीत होते. ते आपले सौदे पुरे होण्याआधी थांबेल, हे मात्र कोणी हिशेबात धरले नाही.

जोखीम कमी कशी करता आली असती?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याने ५० हजार रुपये खंडीने १०० खंडी कापूस घेतला. तो दोन महिन्यांनी विकायचा आहे. भाव पडण्याची भीती आहे म्हणून त्याने आजच वायदेबाजारात तेवढ्याच कापसाचा विक्रीचा सौदा केला. दोन महिन्यांनी भाव ४५ हजारांवर आला, तर गोदामातील मालावर पाच लाखांचा तोटा होतो. वायद्यात मात्र जवळपास तेवढाच फायदा होतो. भाव ५५ हजारांवर गेला तर उलटे घडते. हातात राहतो तो व्यापाराचा ठरलेला नफा. याला हेजिंग म्हणतात. हजर बाजार आणि वायदा यांचे भाव तंतोतंत सोबत चालत नाहीत, म्हणून थोडी जोखीम तरीही उरते. ती मोजणे हेही याच पेशातील काम.

प्रेमचंद यांच्या काळी मुंबईत अशी यंत्रणा नव्हती. होते ते एकाच दिशेचे सौदे. भाव वाढणार असे मानणारेच सारे असतील, तर पडत्या भावाची जोखीम घ्यायला समोर कोणी उरत नाही.

पडझडीची किंमत कोणी मोजली?

व्यापाऱ्यांची दिवाळखोरी कायद्याने मिटली. शेतकऱ्याचे कर्ज तसे मिटले नाही. तेजीत गावोगाव पैसा आला होता. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. भाव चढे होते तोवर सावकार सहज कर्ज देत होता. रेल्वे आणि सरकारी बांधकामांमुळे मजुरीही वाढली होती. कापूस फारसा न पिकणाऱ्या पुणे, अहमदनगरसारख्या जिल्ह्यांतही त्यामुळे उधारी फुगली.

मग भाव पडले, कामे कमी झाली आणि त्याच सुमारास नव्या आकारणीने शेतसारा वाढला. सावकाराने हात आखडला आणि जुन्या कर्जासाठी न्यायालयाचे हुकूमनामे आणले. जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. दंग्यांची कारणे अनेक होती, पण कापसाच्या तेजीने फुगलेली आणि मंदीने एकदम आखडलेली पत हे त्यांतील एक ठळक कारण होते.

भावाची जोखीम नाहीशी होत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्याच्याकडे रोख पैसा आणि थांबण्याची ताकद असते तो ती पुढे ढकलतो. शेवटी ती अशा माणसाच्या अंगावर येते, ज्याला थांबणे परवडत नाही.

प्रेमचंद पुन्हा उभे कसे राहिले?

पेढी बुडाली तेव्हा प्रेमचंद पस्तिशीत होते. त्यांनी मुंबई सोडली नाही. दलालीचे काम पुन्हा सुरू केले आणि बाजारातील आपली जागा हळूहळू परत मिळवली. पूर्वीचे वैभव परतले नाही, पण त्यांच्या सल्ल्याला किंमत राहिली. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. तिच्या संस्थापकांमध्ये प्रेमचंद यांचे नाव घेतले जाते. ज्या शहराने सट्ट्यात सारे गमावले, तिथल्या दलालांनी दहा वर्षांनी नियमांखाली एकत्र यावे, हा त्या पडझडीचाच परिणाम म्हणता येईल.

तेजीच्या काळात दिलेल्या देणग्या मात्र टिकल्या. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. आईला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले हवे होते, असेही सांगितले जाते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार २८० फुटांचा हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. कोलकाता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाखांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. अहमदाबादच्या अध्यापक महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बाजाराला नियम कसे आले?

कापसात भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्येच कायदा केला होता. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली आणि देशातील संघटित वायदेबाजाराची सुरुवात तिच्यापासून मानली जाते. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव याच कापूस बाजाराची आठवण आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वायदे करारांच्या नियमनाचा कायदा आला. १९६० च्या दशकात कापसासह अनेक वस्तूंच्या वायद्यांवर बंदी आली. २००३ मध्ये एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे राष्ट्रीय वस्तूबाजार सुरू झाले. २०१५ पासून त्यांचे नियमन सेबीकडे आहे. भाव भडकले की सरकार अजूनही वायदे थांबवते. डिसेंबर २०२१ मध्ये बिगरबासमती भात, गहू, हरभरा, सोयाबीन यांसह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले.

या सगळ्यातून जोखीम व्यवस्थापकाचा पेशा घडला. वाणिज्य, संख्याशास्त्र, कृषी अर्थशास्त्र किंवा सनदी लेखापालाचे शिक्षण घेतलेले तरुण साधारणपणे सौद्यांच्या नोंदी तपासण्यापासून सुरुवात करतात. पुढे जोखीम मोजण्याच्या विभागात जातात. एनआयएसएमची कमोडिटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा आणि एफआरएमसारखी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे यात उपयोगी पडतात. पण गणिताइतकाच महत्त्वाचा असतो तो नफ्यात असलेल्या माणसाला थांब म्हणण्याचा अधिकार आणि धीटपणा.

जव्हार-मोखाड्यातील शेतकऱ्याचा याच्याशी संबंध काय?

प्रेमचंद यांच्या काळी जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान होते. या डोंगराळ भागात कापूस पिकत नव्हता. पण भाव आधी ठरवून माल नंतर देण्याचा सौदा इथे वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. तेव्हा व्यापारी किंवा सावकाराकडून पैसे वा धान्य घ्यायचे आणि बदल्यात उभे पीक, गवत पडत्या भावात आधीच लिहून द्यायचे, ही पालेमोडीची पद्धत. कागदावर हाही वायदाच. फरक एवढाच, की इथे भाव ठरवताना एका बाजूला भूक असते.

हे रोखण्यासाठी राज्यात काही उपाय झाले. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ मध्ये आदिवासींच्या शेतमालाच्या एकाधिकार खरेदीचा कायदा आला. १९७८ पासून खावटी कर्जाची योजना सुरू झाली. महामंडळ आधारभूत किमतीने भात खरेदी करते, तेव्हा ते जोखीम व्यवस्थापनच करत असते. बाहेर भाव जास्त असेल तर शेतकरी बाहेर विकू शकतो, कमी असेल तर महामंडळाला देतो. पडत्या भावाची जोखीम सरकारने उचललेली असते. मात्र हे कवच केंद्र वेळेवर उघडले आणि पैसे लवकर हातात पडले तरच कामाचे. उशीर झाला की ज्याला थांबणे परवडत नाही तो पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

नाचणी-वरईसारख्या पिकांना वायदेबाजार नाही. दादरच्या फूलबाजारात जाणाऱ्या मोगऱ्याला तर आधारभूत किंमतही नाही आणि तो साठवताही येत नाही. अशा मालाची जोखीम सांभाळण्याचे मार्ग साधे आहेत. एकाच पिकावर आणि एकाच व्यापाऱ्यावर सारे अवलंबून न ठेवणे. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकत्र विकणे. साठवता येणारे धान्य भाव पडलेल्या आठवड्यात विकावे लागू नये यासाठी गोदाम आणि गोदाम पावतीवरचे कर्ज मिळवणे. उधारीवर माल देताना एका माणसाकडे किती रक्कम अडकू द्यायची, हे आधी ठरवणे.

हेच नियम १८६४ मध्ये मुंबईच्या सर्वात हुशार दलालाने पाळले असते, तर कदाचित त्यांची पेढी वाचली असती. जव्हारच्या बाजारात पाच किलो मोगरा विकणाऱ्याला ते तितकेच लागू आहेत. फरक आहे तो नुकसान सोसण्याच्या ताकदीचा. प्रेमचंद यांना बुडाल्यावर पुन्हा उभे राहायला पत आणि ओळखी होत्या. एका हंगामाचा भाव चुकला तर मोखाड्यातल्या कुटुंबाला त्याची भरपाई स्थलांतर करून, विटभट्टीवर राबून करावी लागते. म्हणून जोखमीचा हिशेब मांडण्याची खरी निकड आहे ती तिथेच.